डाव्या सीटवरचा हात

भात पिवळं पडायला लागलं की बारवीच्या रस्त्यावर एक वास सुटतो. ओलं गवत आणि वाळलेलं गवत यांच्या मधला. बदलापूर मागे पडलं, मुळगावची घरं विरळ झाली की तो गाडीच्या खिडकीतून आत येतो आणि धरणाच्या चढापर्यंत सोबत करतो. गेल्या आठवड्यात तो मला अंबरनाथच्या माझ्या गॅलरीत आला. एवढ्या लांब तो येणं शक्य नाही, हे मला कळतं. इथे येतो तो कारखान्यांचा वास, किंवा खालच्या मजल्यावरच्या फोडणीचा. तरी आला. दुपारचं ऑक्टोबरचं ऊन होतं, पावसाने धुऊन ठेवलेल्या आभाळातून सरळ खाली पडणारं. मी चादर वाळत घालत होते. चादर डाव्या हातात राहिली आणि उजवा हात आपोआप मांडीच्या बाजूला, थोडा पुढे, उघडा झाला. काहीतरी येऊन त्यात बसेल, अशा बेताने.

या हाताबद्दल सांगायचं तर नंदूबद्दल सांगावं लागतं.

नंदू माझा धाकटा भाऊ. आमच्यात इतकं अंतर, की लहानपणी मी त्याला कडेवर घेऊन फिरवलं आहे. मी पुस्तकांत रमले, उल्हासनगरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं, लग्न केलं नाही. तो यंत्रांत रमला. अंबरनाथच्या एका कारखान्यात देखभालीचं काम बघायचा आणि बदलापूरला, शिरगावात, बायको सुनीता आणि मुलगी ऋचा यांच्याबरोबर राहायचा. त्याच्याकडे एक लाल गाडी होती. जुनी घेतलेली, दिसायला लहान, पण आत इंजिन मोठ्या गाडीचं. कंपनीने ते मॉडेल थोडीच वर्षं काढलं आणि बंद केलं. साधी माणसं मायलेज विचारत आणि ऐकून हसत.

नंदूला वेगाचं वेड आहे, असं नातेवाईक म्हणायचे. मला ते कधीच पटलं नाही. सरळ रस्त्यावर तो कंटाळायचा. काटई रस्त्यावर मागून आलेल्या गाड्यांना तो खुशाल पुढे जाऊ द्यायचा. त्याचा जीव वळणात होता. वळणाच्या अलीकडे ब्रेक, मग गिअर खाली, आणि तो खाली पडताना उजव्या पायाच्या कडेने अ‍ॅक्सिलरेटरला एक हलका टोला. इंजिन घसा साफ केल्यासारखं खाकरायचं आणि गाडी वळणातून अशी बाहेर पडायची, की पाठ सीटला टेकायची आणि पोटात गुदगुल्या व्हायच्या.

"वळण वाचायचं असतं, ताई," तो एकदा म्हणाला होता. "तू ओळ वाचतेस ना, तसंच. एक शब्द संपायच्या आत पुढचा दिसायला हवा."

"आणि अर्थ?"

"अर्थ कुल्ल्यांना कळतो. सीटमधून." मग स्वतःच जीभ चावली. मोठ्या बहिणीसमोर असं बोलायचं नसतं, हे त्याला पन्नाशीतही आठवायचं.

आजार आधी शर्टाच्या बटणात दिसला. डाव्या अंगठ्याने बटण काजात ढकलता येईना. मग हातातून स्क्रू सुटू लागले. डॉक्टरांनी जे नाव सांगितलं ते लांबलचक होतं. नंदू त्याला नुसतं 'तो' म्हणायचा. बिऱ्हाड वाढवत जाणाऱ्या भाडेकरूबद्दल बोलावं तसं. "तो मनगटापर्यंत आलाय." "काल रात्री तो कोपरात सामान हलवत होता." सुनीता उठून स्वयंपाकघरात जायची. मला त्या शब्दाचा अर्थ लागला होता, कारण ग्रंथालयात बसून मी त्या आजाराबद्दल मिळेल ते वाचलं होतं. वाचण्यासारखं फार नव्हतं. सगळ्या परिच्छेदांचा शेवट एकाच ठिकाणी होत होता.

गणपती गेले आणि एका रविवारी सकाळी तो मला न्यायला आला. गाडी अंबरनाथपर्यंत कशी आणली ते विचारल्यावर म्हणाला, "आणली. उजवा हात स्टीअरिंगखालून घालून गिअर टाकत. बघवलं नसतं तुला." मग गाडीत बसल्यावर त्याने इंजिन सुरू केलं नाही.

"ताई, एक काम करशील? माझा डावा हात होशील?"

मला आयुष्यात सायकलही चालवता आली नाही. मी तसं म्हटलं.

"चालवायची नाहीये. क्लच मी दाबणार, वळवणार मी, ब्रेक माझा. तू फक्त गिअर टाकायचा. मी सांगेन तेव्हा. तुझा उजवा हात बरोबर तिथेच येतो बघ. गाडी बनवणाऱ्याने तुझा विचार करूनच ठेवलाय."

दांड्यावर हात ठेवला तर तो गरम होता. वरचा गोळा इतका गुळगुळीत झालेला, की त्यावरचे आकडे पुसले होते. "पहिला-दुसरा तुझ्या बाजूला," नंदू म्हणाला. "तिसरा-चौथा मध्ये. पाचवा माझ्या मांडीशी. कपाट समज. आधी कप्पा, मग वर की खाली."

असं सांगितल्यावर मला ते समजलं. कपाटाजवळ उभं राहून न बघता पुस्तक जागेवर ठेवण्यात माझं आयुष्य गेलं होतं.

सुरुवातीला मी गिअरचे दात वाजवायचे. त्याचा पाय क्लचवर पूर्ण जायच्या आतच मी दांडा ढकलायचे आणि गाडीच्या पोटातून करकर असा आवाज यायचा, की वाटेवरची कुत्री उठून बसायची. "घाई कुणाला आहे, ताई? मला आहे की तुला?" तो म्हणायचा. "हात नुसता ठेव. धरू नकोस. झोपलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतेस तसा." मग हळूहळू मी त्याच्या शब्दांऐवजी इंजिन ऐकू लागले. ते वर वर जात एका जागी ताणलं जायचं, त्याचा पाय हलायचा, आवाजाला एक छोटी पोकळी पडायची, आणि त्या पोकळीत माझा हात. गाडी त्या क्षणी कुणाचीच नसायची. ना त्याची, ना माझी, ना इंजिनाची. नुसती स्वतःच्या ओढीने पुढे जात असायची. मग तिसरा पडायचा आणि ती पुन्हा आमची व्हायची.

नंदू रजेवर होता, मी निवृत्त. त्यामुळे रविवारपुरतं थांबायचं कारण नव्हतं. ऊन चढायच्या आत रस्ता मोकळा असे. बारवीकडे जाताना दोन्ही बाजूंना भात, बांधावर बगळे, कुठे तिळाची जांभळट-पांढरी फुलं. धरणाच्या चढाखाली एक बाई काकड्या विकायला बसायची. मागच्या डोंगरातल्या पाड्यावरची. आम्ही थांबलो, की ती आधीच काकडी उभी चिरून मीठ-तिखट लावून तयार असायची.

"कसं कळलं आम्ही आलो ते?" मी एकदा विचारलं.

"आता काय सांगू बाय. तुमची गाडी त्या वळनावर आली ना, की पार इथवर वरडतेय. म्हनलं आली लाल गाडी, काढ काकडी."

नंदूला या वाक्याचा किती आनंद झाला! घरी जाऊन त्याने ते सुनीताला दोनदा सांगितलं. सुनीताला गाडीत पोटात ढवळायचं, म्हणून ती कधी आली नाही. पण ती आम्हाला सोडायची नाही.

"एका गाडीला दोन ड्रायव्हर. पोलिसाने अडवलं तर लायसन कुणाचं दाखवणार?"

"उजव्या बाजूला माझं. डाव्या बाजूला ताईचं लायब्ररीचं कार्ड."

दसऱ्याला त्याने गाडी धुतली. म्हणजे आम्ही धुतली. तो पाइप धरून उभा आणि मी फडकं मारत होते. बॉनेटवर हळदीकुंकू, झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. इंजिन सुरू करून त्याने गाडी जराशी पुढे घेतली आणि लिंबं फुटली. फुटली हे आम्हाला मागाहून, चाकाखाली बघून कळलं. गाडीच्या आवाजात लिंबाचं कोण ऐकतो?

त्यानंतर क्लच जड झाला.

नंदू आधी नुसतं म्हणायचा, आज क्लच जड लागतोय. मग रोज म्हणायला लागला. चढावर त्याचा गुडघा थरथरायचा. "प्लेट गेलीय," त्याने निदान केलं. "वय झालं तिचं." या एका गोष्टीने तो जवळजवळ खूश झाला होता. गाडीत काहीतरी बिघडलं होतं, आणि बिघडलेलं दुरुस्त करणं त्याला येत होतं. आम्ही पार्टच्या शोधात उल्हासनगरला गेलो. दुकानामागून दुकान. बहुतेकांनी मॉडेलचं नाव ऐकूनच मान हलवली. शेवटी एका सिंधी शेठने, तो चहा पीत टायरवर बसला होता, गाडीकडे पाहून कप खाली ठेवला.

"साईं, इसका पार्ट अब दुकान में नहीं मिलता. दुआ में मिलता है."

"तो दुआ करो ना शेठ," नंदू म्हणाला.

"करूँगा, लेकिन ये बताओ, चलाता कौन है? मैंने देखा, गिअर तो मैडम डाल रही थी."

"आधी मैं चलाता हूँ, आधी वो."

"और मालिक कौन?"

"गाड़ी."

शेठ मनापासून हसला. माळ्यावर माणूस चढवून त्याने जुन्या मालातून अख्खा क्लचचा संच काढून दिला, खोक्यावर धूळ, आत कोरा. नंदूने तो परतीच्या वाटेवर मांडीवर घेऊन बसायचा हट्ट धरला. मग आठवलं की गाडी त्यालाच चालवायची आहे. खोकं माझ्या मांडीवर आलं.

अंबरनाथच्या गॅरेजमध्ये मेकॅनिकने तो बसवला. नंदू सबंध वेळ बाजूला उभा, सूचना देत, उत्साहात. संध्याकाळी गाडी खाली घेतली. नंदू आत बसला आणि त्याने पाय दाबला. पुन्हा दाबला.

"अजून जडच आहे रे."

मेकॅनिक वाकला. त्याने दाराशी गुडघे टेकले, हात आत घातला आणि तळव्यानेच पेडल खाली दाबलं. मग सोडलं. मग परत दाबलं. "नाही हो साहेब. लोण्यासारखा झालाय." हे तो आपल्या कामाच्या अभिमानाने, हसत बोलला. बोलून त्याने वर पाहिलं आणि त्याचं हसू तसंच राहिलं.

नंदू आपल्या डाव्या पायाकडे बघत होता. मांडीवर हात ठेवून, शांतपणे, एखाद्या ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नसावं तसा.

"बरं," तो म्हणाला. "म्हणजे तो खालीही उतरला."

गाडी त्या संध्याकाळी मेकॅनिकने शिरगावला नेऊन लावली. आम्ही रिक्षाने गेलो. रिक्षात तो मला म्हणाला, "जुनी प्लेट पाहिलीस? काही झालं नव्हतं तिला." एवढंच. चिखलोलीजवळ नवीन इमारतींवर दिवे लागले होते, अजून कुणी राहायला न आलेल्या घरांत.

ऋचा पुण्याला नोकरीला होती. ती बातमी ऐकून आली आणि दिवाळीच्या पाडव्याला तिने इलेक्ट्रिक गाडी आणली. पांढरी, गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखी. तिने बापासाठी घेतली होती, आणि विचार करून घेतली होती. "बाबा, यात क्लच नाही, गिअर नाही. फक्त उजवा पाय. पाय उचलला की आपोआप हळू होते. तुम्ही एकटे चालवू शकाल." ती हे सांगताना तिच्या डोळ्यांत जे होतं ते पाहून कुणीही ती गाडी नाकारली नसती. हळदीकुंकू झालं, हार झाला. नंदूने पाय टेकवला. गाडी हलली आणि चार लिंबं एकामागून एक फुटली. फट्. फट्. अंगणात उभ्या असलेल्या सगळ्यांना स्पष्ट ऐकू आली. शेजारची मुलं हसली. सुनीताही हसली. मला मात्र दसऱ्याची, कुणालाच ऐकू न आलेली लिंबं आठवली.

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन बारवीला गेला. एकटा चालवत. आणि मला प्रामाणिकपणे लिहायला हवं की ती गाडी चांगली होती. लाल गाडीपेक्षा झपाट्याने निघायची. एकदा त्याने पाय दाबला आणि माझं डोकं मागे आपटलं. धूर नाही, थरथर नाही, माझ्या खिडकीतून पाखरांचा आवाज येत होता. ज्या गावात धुराने दिवाळीनंतर आठवडाभर घसा दुखतो, तिथे राहून मी या गाडीविरुद्ध काय बोलणार? तिने माझ्या भावाला त्याची सकाळ परत दिली होती.

चढाखाली आम्ही थांबलो तेव्हा काकडीवाली दुसरीकडेच बघत बसली होती. नंदूने काच खाली केली.

"कधी आलाव तुमी?" ती दचकून म्हणाली. "मला कायच कळला नाय. लाल गाडी इकली काय?"

"नाही," नंदू म्हणाला. "आराम करतेय."

काकडी खाताना मी त्याला विचारलं, "कशी आहे?"

त्याने हातातली काकडी संपवली. मग म्हणाला, "चांगली आहे गं. खरंच चांगली आहे. माझं सगळं ती करते." थोड्या वेळाने पुन्हा, "वळण येतं आणि जातं. मी काही केलं असं वाटत नाही. पाहुण्यासारखा बसलोय मी." आणि ऋचाला यातलं काही सांगू नकोस, असं म्हणाला.

मी काय सांगणार होते? मीही पाहुणीच होते. दोन सीटच्या मध्ये कप ठेवायची जागा होती, फोन ठेवायची जागा होती. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. "तू आता निवांत बस, ताई," तो म्हणाला, आणि मी निवांत बसले. त्या आजाराच्या परिच्छेदांत कुठेही लिहिलेलं नव्हतं की माणूस जायच्या आधी त्याची गरज जाते. त्याला तुमची असलेली गरज. तो जिवंत होता, माझ्या शेजारी होता, गाडी चालवत होता, आणि मला त्याच्यापर्यंत पोचायला काही वाट उरली नव्हती. लोक या दोन प्रकारच्या गाड्यांबद्दल बोलतात तेव्हा वेगाचं बोलतात, खर्चाचं, हवेचं. सगळं बरोबर असतं. मी ऐकून घेते. जुन्या गाडीत एक उणीव होती, तिला माणसाचे हात-पाय लागायचे, आणि एकाचे कमी पडले तर दुसऱ्याचे चालायचे. नव्यात ती उणीव नाही. एवढाच माझा मुद्दा आहे आणि तो कुठल्याच चर्चेत मांडता येत नाही.

थंडीत उजवा पायही गेला. मग बोलणं जड झालं. शब्द तोंडात भिजायचे आणि विरघळायचे. पुढच्या पावसाळ्यात नंदू गेला. लाल गाडी सुनीताने कुणालातरी दिली. कुणाला, ते मी विचारलं नाही.

लोक म्हणाले होते, काळ जाईल तसं सोपं होईल. दोन पावसाळे गेले. सोपं काही झालं नाही, फक्त त्याबद्दल बोलणारी माणसं कमी झाली. भात पिवळं पडतं, आभाळ स्वच्छ होतं, बगळे येतात, आणि मला या सगळ्याचा राग येतो. ऋतूला काही लाज असावी, असं मला वाटतं.

काल ऋचा पांढरी गाडी घेऊन मला न्यायला आली. ती आता शिरगावातच असते, आईबरोबर. जेवायला चल म्हणाली. चिखलोलीपाशी वाहनं तुंबली होती, पुढे कुठेतरी रस्ता खणलेला. गाडी उभी राहिली. उभी असताना ती इतकी गप्प असते, की बंद पडली की काय असं वाटतं.

"आत्या, तुला एक ऐकवायचंय," ऋचा म्हणाली. "बाबांचा जुना फोन सुरू केला मी. त्यात एक रेकॉर्डिंग आहे. बहुतेक तू आणि बाबा. मी पूर्ण ऐकलं नाही, म्हटलं तुझ्याबरोबर ऐकू."

तिने कळ दाबली आणि गाडीत लाल गाडी सुरू झाली.

मला माहीत नव्हतं. त्याने फोन समोर लावलेला असायचा, पण तो आवाज भरून घेतोय हे त्याने कधी सांगितलं नाही. इंजिन वर चढलं, ताणलं गेलं, पोकळी पडली, दुसरा. पुन्हा वर. तिसरा. मला मुळगाव गेलेलं कळलं. मला धरणाचा चढ लागलेला कळला. ब्रेक, एक टोला, दुसरा, आणि गाडी वळणातून बाहेर. दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून आम्ही बारवीची वळणं चढत होतो आणि काचेपलीकडे एक सिमेंटचा ट्रक हललेला नव्हता.

"बाबा कधी बोलतात गं?" ऋचाने हळूच विचारलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती कशासाठी ऐकतेय. तिच्याकडे बापाचा आवाज आहे, वाढदिवसांचा, कॅमेऱ्याकडे बघून काढलेला. तिला त्याचं साधं, सकाळचं बोलणं हवं होतं. आजाराने भिजायच्या आधीचं.

हे लाल गाडीच्या शेवटच्या दिवसांतलं असणार. दसऱ्याच्या आसपासचं. एकदाही दात वाजले नाहीत. त्याने एकदाही 'आता' म्हटलं नाही, 'तिसरा' म्हटलं नाही, 'घाई कुणाला आहे' म्हटलं नाही. आम्हाला इतकं छान जमायला लागलं होतं, की बोलायचं काही उरलंच नव्हतं. सुरुवातीचं एखादं रेकॉर्डिंग असतं, मी सगळं चुकत होते तेव्हाचं, तर त्यात तो सबंध वेळ बोलत असता.

ते संपलं. शेवटी इंजिन बंद झालं, दार उघडलं, मिटलं.

"एवढा वेळ तुम्ही दोघं एक शब्दही बोलला नाहीत?" ऋचा म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

मागच्या रिक्षाने हॉर्न दिला. पुढचा ट्रक सरकला होता. ऋचाने पाय दाबला आणि गाडी आवाज न करता पुढे गेली.